साष्टीच्या पावसातला पियानो

आषाढात गोव्याला निघालो आहोत, असं सांगितलं तेव्हा शेजारच्या काकांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आत्ता? अहो, किनाऱ्यावर लाल बावटे लागले असतील!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण आम्हांला किनाऱ्यावर जायचंच नव्हतं. आम्ही निघालो होतो साष्टी तालुक्यातल्या एका जुन्या घरी, एका पियानोच्या समाचाराला.

त्याचं असं झालं. आमची सौ. बँकेत होती तेव्हा तिच्या शेजारच्या टेबलावर गोव्याची एक बाई होती. दोघींनी तीस वर्षं एकमेकींचे डबे खाल्ले. निवृत्त झाल्यावर ती आईजवळ राहायला गावी गेली. २०२४ च्या जुलैत तिचा फोन आला. घरातला पियानो बिघडला होता. बोट उचललं तरी वाजवलेला सूर थांबत नव्हता. एक सूर दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात, अशी सगळी खिचडी. कोणी एक कारागीर येऊन पाहून गेला होता आणि 'आतलं सगळं नवं घालावं लागेल, सामान परदेशातून येईल' असं सांगून लाखांतला आकडा कागदावर लिहून गेला होता. तेवढा पैसा आणायचा कुठून? शेवटी एका हॉटेलवाल्याला पियानो देऊन टाकायचं ठरलं. त्याला तो वाजवायचा नव्हता. दर्शनी दालनात ठेवून वर फुलदाण्या मांडायच्या होत्या. सोमवारी टेंपो येणार होता.

"मांय काही बोलत नाही," मैत्रीण म्हणाली. "पण आठ दिवस झाले, ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. शनिवारी एक म्हातारे मेस्त्री शेवटचं बघून जातो म्हणाले आहेत. तुझे मिस्टर पेटी वाजवतात ना? तेही असले तर बरं. डॅम्पर गेलेत म्हणतात."

"डांबर?" सौ.ने विचारलं. "डांबराच्या गोळ्या ठेवल्या नव्हत्या का?"

मी पोट धरून हसलो. हे हसणं पुढे माझ्याच अंगाशी यायचं होतं.

मी पेटी वाजवतो हे खरं आहे. चाळीस वर्षं भजनी मंडळाला साथ करतो आहे. पेटीचा एखादा सूर धुळीने बसला, तर पत्तीखालून कागद सरकवून तो मोकळा करण्याइतकी माझी वैद्यकीही आहे. त्या भरवशावर मी पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर, एक पकड आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली टाकली आणि आम्ही गाडीत बसलो.

कोकण रेल्वेने पावसाळ्यात एकदा तरी जावं, एवढंच सांगतो; त्या वाटेवर इतक्यांनी इतकं लिहून ठेवलं आहे की माझी भर कशाला? पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाडी जपून चालते, आणि त्यामुळे रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा उंच पूल आणि साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा दोन्ही सावकाश भोगायला मिळतात. मडगावला उतरलो तेव्हा पाऊस असा पडत होता की रिक्षावाल्याने आमचं बोलणं ऐकण्याऐवजी ओठांच्या हालचालींवरून गाव ओळखलं.

गावाचं नाव सांगत नाही. घर खाजगी आहे आणि दिवाळी अंक गोव्यातही जातात. लोटली, चांदर, कुडतरी या पट्ट्यातलं एक गाव समजा. जांभ्या दगडाची घरं, मंगलोरी कौलं, दारापुढे खांबांचा ओटा आणि त्यावर समोरासमोर दगडी बाकं. या ओट्याला तिथे 'बल्कांव' म्हणतात. संध्याकाळी अख्खं गाव आपापल्या बल्कांवावर बसून दुसऱ्याच्या बल्कांवाकडे पाहत असतं. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे पापुद्रे बसवलेले. त्यांतून जो उजेड आत येतो, तो ताकाच्या रंगाचा असतो.

या तालुक्याच्या मातीत पाश्चात्त्य संगीत कसं रुजलं, याचं आम्हां मराठी माणसांना फारसं कुतूहल नसतं. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकवत. त्या शाळांतून निघालेली माणसं पुढे मुंबईला गेली आणि आपल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. लक्ष्मीकांत-प्यारेलालांतल्या प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस याच साष्टीतल्या माजोर्ड्याचे. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून आपण सगळ्यांनी त्यांचं नाव मोठमोठ्याने म्हटलं, पण ते एका खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं?

मांयचं वय शहाऐंशी. पांढरेशुभ्र आखूड केस, काळा झगा, आणि पाठ अशी ताठ की मीच नकळत सरळ बसलो. मराठी तिला समजतं. उत्तर मात्र कोकणीत. आम्हांला पाव, आंब्याचा मुरांबा आणि चहा मिळाला. पियानोचा विषय निघाला नाही. दिवाणखान्याचं दार लोटलेलं होतं.

रात्री मैत्रिणीने ते उघडून दाखवलं. काळाभोर, तीन पायांचा, एखाद्या बसलेल्या म्हशीसारखा प्रचंड. जर्मन बनावटीचा. मांयच्या आजेसासऱ्यांनी मागवलेला. मुरगाव बंदरात जहाजातून उतरला, आगगाडीने मडगावला आला आणि तिथून बैलगाडीने घरी. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हता. एक गंमत मात्र सांगून ठेवतो. पियानोच्या जगातली तीन मोठी घराणी, बर्लिनचं बेख्स्टाइन, लाइपझिगचं ब्ल्यूथनर आणि न्यूयॉर्कचं स्टाइनवे, ही तिन्ही १८५३ या एकाच साली सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडीही त्याच सालची. दोन्ही कामं लोखंड आणि मोजमाप यांची, तेव्हा त्या सालाच्या हवेतच काही असावं.

मी एक पट्टी दाबली आणि सोडली. सूर राहिला. दुसरी दाबली. पहिला अजून होताच. तिसरीला तर असं वाटलं की एखाद्या मोठ्या विहिरीत तीन माणसं एकदम बोलताहेत.

इथे थोडं थांबून डॅम्पर म्हणजे काय ते सांगायला हवं. पियानो आणि आपलं संतूर ही एकाच कुळातली वाद्यं. दोन्हींत तारेवर आघात होतो. संतूरवादक हातातल्या काडीने तो करतो, पियानोत पट्टीच्या पलीकडच्या टोकाला नमद्याने मढवलेली हातोडी असते. सुमारे सव्वादोनशे तारा, एकूण ताण अठरा-वीस टनांचा. संतूरचा सूर एकदा निघाला की आपल्या मनाने विरतो, आणि त्या घुमण्यातच संतूरची गोडी आहे. पियानोवाल्यांना ते परवडत नाही, कारण ते एकदम चार-पाच सूर वाजवतात आणि दुसऱ्या क्षणी दुसरे चार-पाच. मागचे पुसले गेले नाहीत तर फळ्यावर लिहिल्यावर लिहिल्यासारखं होईल. म्हणून प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याचा एक ठोकळा बसवलेला असतो. देवळातली घंटा वाजवून लगेच तिच्यावर तळहात ठेवून पाहा. तो तळहात म्हणजे डॅम्पर. पट्टी दाबली की तो उचलला जातो, सोडली की पुन्हा तारेवर पडतो. उजवा पेडल पायाने दाबला की सगळे एकदम वर. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो केला. त्याने केलेला आणि आज शिल्लक असलेला सर्वांत जुना १७२० चा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे, त्यातही डॅम्पर आहेत. आमच्या पेटीत ही भानगडच नाही. बोट उचललं, हवेची वाट बंद, सूर बंद. त्यामुळे सूर थांबवणं हेही एक काम असतं, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

शनिवारी सकाळी मेस्त्री आले. सडपातळ, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, हातात पत्र्याची पेटी. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यं दुरुस्त करण्यात उमर घालवलेली, त्यामुळे मराठी अस्खलित गिरगावी. आल्या आल्या त्यांनी पियानोला हात लावला नाही. खुर्चीवर बसून मांयला विचारलं, "बाय, कितें जालां?" डॉक्टर विचारतो तसं.

मांय दाराबाहेरूनच म्हणाली, "तो गप्प बसत नाही."

मी तोवर वरचं मोठं झाकण उघडून आत पाहून ठेवलं होतं आणि एक भयंकर शोध लावला होता. डावीकडून सुरू झालेली डॅम्परांची रांग उजवीकडे मध्येच संपत होती. वरच्या वीसेक सुरांवर डॅम्परच नव्हते! मी मेस्त्रींना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "अहो, तो आधीचा कारागीर वीस डॅम्पर काढून घेऊन गेलाय."

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, ते देवानेच दिलेले नाहीत. वरच्या तारा इतक्या आखूड की त्यांचा सूर आपोआप मरतो. तिथे कोणत्याच पियानोला डॅम्पर नसतात."

सौ. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मग तपासणी सुरू झाली. तिच्यात चमत्कार काही नव्हता. होता तो क्रम. मेस्त्रींचा पहिला प्रश्न असा: सगळेच सूर राहतात, की काही? त्यांनी खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी तोडून तोडून वाजवली. जवळजवळ सगळेच थोडे थोडे राहत होते, आणि त्यांतले पाच-सहा फारच. "दोन दुखणी आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांचं असेल तर आधी पाय बघायचे." आणि ते वाकून पियानोखाली शिरले. उजवा पेडल दाबला तर तो मुळीच सैल नव्हता. पेडलला सुरवातीला पाव इंचभर मोकळी चाल हवी. तेवढी खाली गेल्यावर मग डॅम्पर उचलायला लागावेत. इथे पेडलच्या दांड्याची चाकी कोणी तरी आवळून ठेवली होती. ओल्या हवेत लाकूड फुगल्यावर ती आणखीनच घट्ट झाली. परिणामी पेडलवर पाय नसतानाही सगळे डॅम्पर केसभर उचललेलेच. तारेला टेकायचे, पण बसायचे नाहीत.

मेस्त्रींनी चाकी दोन फेरे सैल केली. बाहेर येऊन धोतराची धूळ झटकल्यासारखी विजारीची धूळ झटकली आणि पट्टी वाजवून सोडली.

सूर थांबला.

दोन मिनिटांचं काम. लाखाचा आकडा लिहून गेलेल्या त्या कारागिराने पियानोखाली वाकून पाहिलंच नव्हतं, की पाहूनही सांगितलं नव्हतं, देव जाणे. मैत्रिणीचा चेहरा लाल झाला. मेस्त्री मात्र आपल्या धंद्यातल्या माणसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "कंबर दुखते एकेकाची," एवढंच.

आता राहिले ते पाच-सहा हट्टी. इथेही मेस्त्रींची पद्धत पाहण्यासारखी. पहिलीच पट्टी सोडल्यावर वर आली नाही. मी म्हटलं, "डॅम्पर!" ते म्हणाले, "पट्टीकडे बघा की. पट्टीच खाली राहिली तर डॅम्पर बिचारा खाली येणार कसा?" पट्टी ज्या खिळीवर हलते, तिच्या भोवतीचं कापड ओलीने फुगलं होतं. एका खास चपट्या पकडीने ते दाबलं आणि पट्टी मोकळी झाली.

पुढचे चार सूर मधल्या सप्तकातले. मेस्त्री म्हणत होते एफ, मी म्हणत होतो पांढरी चार. तेवढी आमची भाषेची अडचण. इथे पट्टी झटकन वर येत होती, पण डॅम्पर दमेकऱ्याने जिना उतरावा तसा खाली येत होता. मेस्त्रींनी बोटाच्या चिमटीत तो उचलून सोडून दाखवला. बाजूचा टपकन पडायचा, हा विचार करत करत. "ग्रँडमध्ये डॅम्पर पडतो तो आपल्या वजनाने," ते म्हणाले. "उभ्या पियानोत त्याला स्प्रिंग ढकलते. इथे फक्त वजन. म्हणून जरा कुठे घासलं की संपलं." डॅम्परच्या ठोकळ्याखाली एक बारीक सळई असते. ती तारांमधून खाली उतरते, एका पट्टीतल्या भोकातून जाते आणि खाली एका तरफेत स्क्रूने आवळलेली असते. त्या भोकाला आतून कापडाचं अस्तर असतं, सळई खडखडू नये म्हणून. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. अस्तर फुगतं, भोक आवळतं.

माझा हात पिशवीकडे गेला. मी विजयी मुद्रेने तेलाची बाटली काढली.

मेस्त्रींनी ती माझ्या हातातून अलगद घेतली, बूच घट्ट लावलं आणि स्वतःच्या खिशात घातली. "साहेब, हे विष. आज दोन थेंब टाकाल, उद्या चालेल. कापड तेल पितं, आणखी फुगतं, धूळ धरतं. नमद्याला लागलं तर तो नमदा टाकूनच द्यायचा." बाटली मला निघताना परत मिळाली, शाळेत मास्तरांनी जप्त केलेला भोवरा मिळावा तशी.

मग आतला भाग बाहेर काढायचा होता. ग्रँड पियानोत पट्ट्या आणि हातोड्या मिळून एक सबंध खण असतो. पुढच्या फळ्या आणि दोन बाजूंचे ठोकळे काढले की तो टेबलाच्या खणासारखा पुढे ओढता येतो. डॅम्पर मात्र मागे पियानोच्या पोटातच राहतात. मी मदतीला एक बाजू धरली. ओढताना माझा अंगठा एका पट्टीवर टेकतोय तोच मेस्त्री इतक्या जोराने ओरडले की स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली. पट्टी दाबली गेली असती तर तिची हातोडी वर उठून वरच्या जाड फळीला अडकली असती, आणि खण ओढताच दांडी मोडली असती. बारीक लाकडाची दांडी, पण मोडल्याचा आवाज, मेस्त्री म्हणाले, माणसाला जन्मभर ऐकू येतो. मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो.

नेमकी तेव्हाच वीज गेली. पुढचे दोन तास मी मोबाइलचा दिवा धरून उभा होतो, आणि मला वाटतं त्या दिवशीचं माझं खरं योगदान तेवढंच. मेस्त्री एकेका तरफेचा स्क्रू सैल करून डॅम्पर वर ओढून काढत होते. सौ.ने वर्तमानपत्र पसरून त्यावर आकडे घातले आणि डॅम्पर कुरडया वाळत घालाव्यात तसे क्रमाने मांडले. हे फार जरुरीचं. प्रत्येक सळईचा बाक वेगळा असतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. सळयांवर हिरवट थर आला होता.

"अगं बाई, हे तर कळकलंय!" सौ. म्हणाली. "चिंच लावू का?"

"बाई, रोगाचं नाव बरोबर. औषध माझं," मेस्त्री म्हणाले. पितळेचं पॉलिश फडक्याला लावून त्यांनी सळया आरशासारख्या केल्या आणि कोरड्या फडक्याने पॉलिशचा कण न् कण पुसून काढला. भोकांच्या अस्तराला त्यांनी पाणी आणि स्पिरिट मिसळून काडीने जेमतेम एकेक थेंब लावला; वाळताना कापड आकसतं. पण त्या हवेत वाळणार कसं? वीज आल्यावर मैत्रिणीचं केस वाळवायचं यंत्र आणलं. साष्टीतल्या त्या शंभर वर्षांच्या घरात एक म्हातारा एका पियानोचे केस वाळवत बसला आहे, हे दृश्य मी विसरणार नाही.

याच वेळात मांय आत आली. केव्हा आली ते कोणाला कळलं नाही. वर्तमानपत्रावर मांडलेले डॅम्पर पाहत ती उभी होती. मग खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदा मोकळी बोलली. लहानपणी शिकवणाऱ्या बाईंनी तिला एकच गोष्ट वारंवार सांगितली होती: सूर सोडायला शिक. मोझार्ट १७७७ साली आउग्सबुर्गला गेला होता, तेव्हा तिथल्या श्टाइन नावाच्या कारागिराच्या पियानोंवर तो खूश झाला, आणि त्याने वडिलांना पत्रातून जे कौतुक कळवलं, त्यात सूर मागे रेंगाळत नाही हाही मुद्दा होता, हे तिनेच सांगितलं. तेव्हा डॅम्पर पायाने नव्हे, गुडघ्याने उचलत. उलट बीथोवनने 'मूनलाइट' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या १८०१ च्या रचनेचा पहिला भाग सबंध डॅम्पर उचलून वाजवावा असं लिहून ठेवलं आहे. त्याच्या काळचे पियानो दुबळे, त्यांचा सूर लवकर विरायचा. आजच्या पियानोवर तसं केलं तर गोंगाट.

"माझा पियानो," मांय म्हणाली, "पावसाळ्यात बीथोवनचं ऐकतो, आणि उन्हाळ्यात मोझार्टचं."

मेस्त्री हसले नाहीत. ते एका सुराच्या तीन तारा नखाने वेगवेगळ्या छेडून पाहत होते. डॅम्पर झटकन पडत होता, तरी तो सूर राहत होता. पहिली तार मुकी, दुसरी मुकी, तिसरी गात होती. डॅम्परचं डोकं किंचित वळलं होतं आणि तिसरी तार त्याच्या तावडीतून सुटली होती. सळईला पकडीने अगदी थोडा बाक दिला. तिसरीही गप्प.

शेवटचा सूर खर्जातला. तिथे एका सुराला दोन जाड तारा, आणि त्यांच्या मधल्या फटीत बसणारी नमद्याची पाचर. मेस्त्रींनी तो डॅम्पर बाहेर काढला आणि उजेडात धरला. पाचर अर्धी नव्हतीच. कसरीने खाल्ली होती. नमदा म्हणजे लोकरच. कसरीला तुमचा स्वेटर आणि पियानो सारखाच.

"डांबराच्या गोळ्या," सौ. शांतपणे म्हणाली.

मी मोबाइलचा दिवा दुसरीकडे वळवला.

तेवढा नमदा मेस्त्रींकडे नव्हता. त्यांनी त्या दोन तारांमध्ये रबराची एक पाचर खोचून तो सूर मुका करून ठेवला. बाकीचे डॅम्पर आकड्यांप्रमाणे परत गेले, प्रत्येकाची उंची शेजाऱ्याशी जुळवून स्क्रू आवळले गेले. खण आत सरकला. मी अजून हात खिशातच ठेवले होते. मग मेस्त्रींनी पेडल अगदी हळूहळू दाबला आणि आम्हां सगळ्यांना बाजूने पाहायला सांगितलं. डॅम्परांची सगळी रांग एकदम उठायला हवी. एक उठला थोडा आधी, एक थोडा मागून. त्या दोघांसाठी खण पुन्हा बाहेर, पुन्हा पाऊण तास. मग मात्र सगळे एकदम उठले आणि एकदम बसले.

जाताना मेस्त्रींनी पथ्य सांगितलं. पावसात समोरची खिडकी बंद ठेवायची. पियानो भिंतीपासून दूर. आणि खाली, लाकडापासून अंतर राखून, जुन्या पद्धतीचा पंचवीस वॅटचा दिवा जळत ठेवायचा, म्हणजे हवा उबदार राहील. "पण तो दिवा आता मिळत नाही सहजी," ते कुरकुरले. "नवे दिवे नुसताच उजेड देतात. त्यांत ऊब कुठे?" दोन दिवसांची मजुरी त्यांनी सांगितली ती इतकी कमी होती की मैत्रिणीला रडू आलं.

त्या संध्याकाळी मांय वाजवायला बसली. काय वाजवलं त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. मी फक्त तिची बोटं उचलली जाताना ऐकत होतो. दर ओळीच्या शेवटी बोटं वर यायची आणि खोली एकदम रिकामी व्हायची. त्या रिकाम्या जागेत कौलांवरचा पाऊस ऐकू यायचा, मग पुन्हा पियानो. मधूनच खर्जात तो मुका केलेला सूर नुसता 'ठक्' करायचा. मांय प्रत्येक वेळी त्या ठोक्याला भुवई उंचावून पुढे जात होती.

सोमवारी टेंपो आला. मांयनेच बल्कांवावर जाऊन ड्रायव्हरला चहा पाजला आणि मालकाला निरोप दिला: नाताळ होऊ दे, मग पाहू. टेंपो रिकामा गेला. मैत्रीण म्हणाली, "नाताळनंतर ती ईस्टर म्हणेल."

मुंबईला परतल्यावर माझ्याकडे एक काम होतं. मेस्त्रींनी दिलेला नमुना घेऊन मी धोबी तलावाला गेलो आणि पांढऱ्या नमद्याची वीतभर लांब पाचर आणली. सौ.ने ती मलमलीच्या फडक्यात गुंडाळली, न विचारता वेगळ्या कागदात बांधून दोन गोळ्याही सोबत घातल्या, आणि मी पुडकं घेऊन पोस्टात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी पुडकं तराजूवर ठेवलं, नाक जवळ नेलं आणि संशयाने विचारलं, "आत काय आहे?"

"डॅम्परचं सामान."

"डांबर?" बाईंनी पुडकं तराजूवरून उचलून माझ्याकडे सरकवलं. "पोस्टाने जाणार नाही!"